संतोष आज अर्ध्या तासात उठला नाही

आज गुरुवार, आमच्या भागातल्या कंपन्यांची आठवड्याची सुट्टी. दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी मी काळेवाडीतल्या माझ्या गेमिंगच्या दुकानात कीबोर्ड पुसत होतो. तेवढ्यात चाकणच्या एकाच कंपनीतले चौघे आले.

मित्रांनो, एरवी हे चौघे एकमेकांविरुद्ध खेळतात. संतोष हरतो, चिडून अर्ध्या तासात उठतो आणि त्याच्यामागे बाकीचेही जातात. म्हणून मी भावाकडून सहा हजार उसने घेऊन चौघांनी मिळून मोहिमेवर जायचा गेम चार कॉम्प्युटरवर घेतला. आज तो चालला नाही, तर दुकान बंद करून कंपनीत लागायचं ठरलं होतं.

त्यात प्रत्येकाची भूमिका वेगळी. संतोष वैद्य झाला. तासाभराने तो वैतागून उठलाच.

"बस की राव!" बाकीचे तिघे ओरडले. "तू गेलास तर आमच्या जखमा कोण भरणार?"

"आता कळली का किंमत? मग चहा सांगा," म्हणत संतोष परत बसला.

चौघे चार तास बसले. दुकान बंद करायचं मी रद्द केलं. कच्च्या खेळाडूला धरून ठेवतो, तोच गेम धंद्याला परवडतो, असं मला वाटतं. तुम्हाला?

माणशी ताशी चाळीसप्रमाणे सहाशे चाळीस आले, ते भावाला दिले. पाच हजार तीनशे साठ राहिले.