तीनदाच हाक मारणारे चाचा

माझ्या बाळांनो,

काल तुम्ही बर्नच्या जुन्या गावातले फोटो पाठवलेत. तो घड्याळाचा मनोरा, दगडी कमानींखालून जाणारा रस्ता, कारंज्यांवरचे रंगीत पुतळे. मी चष्मा पुसून पुसून पाहिले. खाली तुम्ही विचारलं होतंत, "आजी, मस्कतमध्ये इतकं जुनं काही आहे का?" आहे. पण ते मला दाखवणारा माणूस गेल्याच आठवड्यात कायमचा रत्नागिरीकडे परत गेला, म्हणून आठवतंय तोवर लिहून ठेवते. अडेल तिथे आई वाचून दाखवील.

मस्कतच्या वादी अदाई भागात आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या चाचांइतका सभ्य माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि सभ्यतेपायी स्वतःचं इतकं नुकसान करून घेणाराही नाही. कुरुमच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळण्यात त्यांची उमर गेली. तुमच्या आजोबांचे ते मित्र. आजोबा गेल्यावरही दर शुक्रवारी दुपारची नमाज आणि झोप आटोपली की खाली येऊन विचारायचे, "यल्ला, चला वयनी, मत्रहला?" मत्रह हे इथलं जुनं बंदर. डोंगराच्या कड्यावर किल्ला, समुद्राकडे तोंड करून उभी पांढरी घरं, त्यांचे कोरीव लाकडी सज्जे. चाचा तिथे पोचले की आवाज आपोआप उतरायचा, जणू कुणी थोर माणूस शेजारी झोपला आहे. किल्ल्याच्या पायरीवर चपला झटकल्याशिवाय पाऊल ठेवायचे नाहीत. तोफेला टेकून फोटो काढणाऱ्या पाहुण्यांना म्हणायचे, "आजोबांच्या अंगावर असं रेलतात होय?" मी इंग्रजी शाळेत वाढले, माहितीचा फलक वाचल्याशिवाय मला काही दिसत नाही. चाचा फलकाकडे ढुंकूनही बघत नसत. भिंतीवर तळहात ठेवून उभे राहायचे, आणि त्यांच्याकडे बघून मलाही त्या दगडांचा दरारा वाटू लागायचा.

पण त्यांचा खरा जीव अडकला होता बाजारामागच्या गल्लीतल्या एका घरात. त्यांचे वडील तरुणपणी गलबतातून इथे आले आणि त्या घरी स्वयंपाकी राहिले. तेव्हा बैठकीच्या लाकडी छतावर एक चितारी फुलं रंगवत होता. वडिलांच्या हातचं माशाचं कालवण खाऊन तो इतका खूश झाला, की म्हणाला, "बोल, तुझ्यासाठी काय काढू?" वडील म्हणाले, "आमचा हापूस." आणि त्याने काढला. ही गोष्ट वडिलांनी गावी जाऊन जन्मभर सांगितली आणि गाव जन्मभर हसलं. चाचांचे चुलतभाऊ तर अजून म्हणतात, "अरबाच्या छपराला हापूस? मग किल्ल्यावर फणसपण लागले असतील!" तो आंबा आहे की नाही, म्हणजे बाप खरा की थापाड्या, एवढंच चाचांना एकदा बघायचं होतं.

मग इतकी वर्षं बघितलं का नाही? कारण परक्या दारात कसं उभं राहायचं हे त्यांना वडिलांनीच शिकवलं होतं. इथे घराबाहेरून "होद, होद" अशी हाक देतात. आतलं काही दिसू नये म्हणून चाचा दाराकडे पाठ करायचे, आणि बायामाणसं दचकू नयेत म्हणून हाक अशी हळू मारायचे, की शेजारी उभ्या मला ती जेमतेम ऐकू यायची. तीन हाकांना उत्तर नाही, म्हणजे परवानगी नाही. खलास. वर गुरगुरणारा एसी, हातभर जाडीच्या भिंती. आत ऐकू जाणार कुणाला? दाराला बेल होती. "बेल दाबणं म्हणजे झोपलेल्याच्या बरगडीत बोट खुपसणं, वयनी."

शेवटच्या शुक्रवारीही तेच झालं. तीन हाका झाल्या. चाचांनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, "चला. नशिबात नाही." मी बेल दाबली.

"या अल्ला, वयनी, काय केलंत हे!"

पांढऱ्या अंगरख्यातल्या एका गृहस्थाने दार उघडलं. चाचांनी अरबी-हिंदीच्या खिचडीत सगळं सांगितलं. तो हसला आणि "तफद्दल, तफद्दल", या, या, म्हणत आम्हांला आत घेऊन गेला. आधी खजूर, मग काहवा, म्हणजे इथली कॉफी. ते झाल्याशिवाय पुढचं बोलायचं नसतं. कोपऱ्यात गादीवर त्याची म्हातारी आई बसली होती. चाचा कप हातात धरून गालिच्याकडे बघत होते. मान वर करीनात.

मी कुजबुजले, "चाचा, वर बघा ना."

"थांबा जरा, वयनी. अजून बाबा खरं बोलतायत."

मीच वर पाहिलं. बाळांनो, मी मोठमोठी देवळं आणि चर्चं पाहिली आहेत, पण असं छत कुठे पाहिलं नव्हतं. काळ्याभोर तुळया, त्यांच्यामध्ये निळी, डाळिंबी फुलं, एकातून दुसरं उमललेलं. निम्म्या खोलीवर मात्र पांढरं प्लास्टर. "पाणी गळायचं," यजमान म्हणाला, "ते काढून टाकावं लागलं." चाचांनी कप खाली ठेवला.

तेवढ्यात म्हातारीने काठी उचलून खिडकीवरचा कोपरा दाखवला. चाचांची नजर काठीमागून वर गेली. फुलांच्या गर्दीत एकटाच, जरा तिरका, पिवळा आंबा, देठाशी एक हिरवं पान. या घरातली पोरं पिढ्यानपिढ्या पाठीवर पडून तो बघत झोपी गेलीत, असं ती म्हणाली. इथे छतावर आंबा कुणाला सुचला, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

जन्मभर परवानगीशिवाय कुणाच्या उंबऱ्यात पाय न टाकणारे चाचा परक्या घराच्या गालिच्यावर सरळ उताणे झोपले. म्हातारी तोंडाला ओढणी लावून हसली. चाचा हसले नाहीत. बराच वेळ वर बघत राहिले आणि मग हळूच म्हणाले, "सलाम, बाबा."

आता वरचा मजला रिकामा आहे. या शुक्रवारीही दुपारी मी उगीच तयार होऊन बसले.

तुम्ही याल तेव्हा मी तुम्हांला घेऊन जाईन. घर उभं आहे. अर्धं छत गेलं, अर्धं आहे, आणि आंबा त्या राहिलेल्या अर्ध्यात आहे.