तरुण गुप्तहेराचा आवाज

आमच्या गल्लीतल्या आवाजवाल्या काकांनी रेडिओवर एका प्रसिद्ध गुप्तहेराला आयुष्यभर आवाज दिला. आता त्याच गुप्तहेराच्या तारुण्यावर टीव्हीसाठी कार्टून मालिका निघाली. त्यात आवाज आधी घेतात आणि चित्रं मागून काढतात. काका थेट स्टुडिओत जाऊन म्हणाले, "तरुणपणीही तो माझ्याच आवाजात बोलेल."

"आधी चाचणी द्या," दिग्दर्शक बाई म्हणाल्या.

काका घरात बारीक आवाज काढून बोलू लागले. भाजी चिरणाऱ्या काकूंना हसू आवरेना.

"अहो, मांजराच्या शेपटीवर पाय पडला की काय?"

"तरुणाचा आवाज आहे हा!"

"तरुणपणी तुमचा आवाज असाच भारदस्त होता. पण घाई केवढी! माझा प्रश्न संपायच्या आत उत्तर देऊन मोकळे व्हायचात. तेही निम्म्या वेळा चुकीचं."

काका हळूच हसले.

चाचणीला त्यांनी आवाज आपलाच ठेवला. पण ज्या संथ, तोलून मापून बोलण्यावर नाव कमावलं होतं, ते बाजूला सारलं. समोरचा नट साक्षीदाराचं वाक्य वाचत होता. ते संपायच्या आतच काकांचा पुढचा सवाल त्याच्यावर जाऊन आदळला. काचेपलीकडे बसलेली चित्रकार पेन्सिल उचलत म्हणाली, "याला आता धावतानाच काढावं लागणार."

संध्याकाळी काकूंनी दार उघडलं.

"काय हो, काम मिळा..."

"मिळालं!" काका म्हणाले.

या वेळी उत्तर बरोबर होतं.