डॉक्टरांचं घड्याळ आणि तात्यांचा रुमाल

गुरांच्या दवाखान्यात किस्से साठायला वेळ लागत नाही. आमच्याकडे पेशंट गप्प असतो आणि त्याच्याबरोबर आलेली चार माणसं बोलत असतात. गाय व्यायला वेळ लावते, तोवर चहा येतो, आणि कुणीतरी सुरू होतं. मी काष्टीजवळच्या अशाच एका दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक आहे. इथलं काही घरी सांगितलं की नवरा म्हणतो, "हे तू रचतेस!" अरे, मी कशाला रचू? आमचे डॉक्टर कुलकर्णी आणि आमचे तात्या एका छपराखाली बसतात, एवढं पुरेसं आहे.

डॉक्टर मूळचे नगरचे. घरात सगळे मास्तर नाहीतर कारकून, हे एकटेच गाईम्हशींत आले. तात्या म्हणजे बैलबाजारातले जुने हेडी. सौदे जुळवून देण्यात जन्म गेला. आता वयामुळे बाजार सुटला, पण रोज सकाळी पांढरं धोतर, खांद्यावर भला मोठा रुमाल आणि आमच्या बाकावर हजर. पगार नाही, पण रजाही नाही!

* * *

डॉक्टरांच्या हाताला घड्याळ टिकायचंच नाही. कामच तसं. अडलेल्या गाईत खांद्यापर्यंत हात घालायचा, मग घड्याळात पाणी जाणारच. काढून ठेवलं तर विसरायचं.

एकदा त्यांनी ते गव्हाणीच्या कडेला ठेवलं आणि म्हशीनं कडब्याबरोबर खाऊन टाकलं! घड्याळ स्वस्तातलं होतं, पण म्हशीच्या काळजीनं डॉक्टरांचा चेहरा उतरला. तिच्या पोटाला स्टेथोस्कोप लावून, डोळे मिटून ते कितीतरी वेळ ऐकत राहिले.

म्हशीचा मालक शेजारी उभा होता. त्यानं अदबीनं विचारलं, "किती वाजले, साहेब?"

* * *

त्यानंतर डॉक्टरांनी मनातलं बोलून दाखवलं. कॉलेजात असताना एका प्राध्यापकांच्या हातात त्यांनी समुद्रात बुडी मारणाऱ्यांचं घड्याळ पाहिलं होतं. परदेशी, जडशीळ, काचेभोवती फिरणारी कडी. तसंच आपल्याकडे असावं, हे तेव्हापासूनचं स्वप्न. नवं घेणं परवडणारं नव्हतं. पण मोबाईलवर एका जुन्याची जाहिरात दिसली. मालक नगरला सावेडीत राहणारे. काचेवर चरा आहे, हेही प्रामाणिकपणे लिहिलेलं.

"तात्या, तीनशे मीटर खोल पाण्यात गेलं तरी ह्याला काही होत नाही!" डॉक्टर फोटो दाखवत म्हणाले.

तात्यांनी फोटो लांब धरून पाहिला. "तीनशे मीटर म्हंजे आमच्या बोअरएवढं की वो. मग काय बी काळजी न्हाई. आपल्याकडं तितकं खाली गेलं तरी कोरडंच वर येतंय!"

* * *

जिल्ह्याला आमची मीटिंग होती. त्याच दिवशी घड्याळ बघायचं ठरलं. तात्या आधीच गाडीत येऊन बसलेले. "सेकंडहँड माल घ्यायचा आन् संगं हेडी न्हाई? लोक हसतील."

घड्याळाचे मालक जोशीकाका. जहाजावर इंजिनियर होते, आता फ्लॅटमध्ये एकटेच. ओटा लख्ख होता, पण त्यावर एकच कप, एकच ताटली. मला बाईमाणसाला ते आधी दिसलं.

काकांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. डॉक्टर हात न लावता नुसते बघत बसले. तात्यांनी मात्र ते उचललं, उलटं केलं, पट्टा ताणून पाहिला आणि चौकशी सुरू केली.

"वय काय?"

"माझं?" काका म्हणाले.

"तुमचं कशाला? ह्याचं."

मग खाणंपिणं. काकांनी सांगितलं, की ह्याला सेल लागत नाही, हात हलला की आपोआप चावी भरते. तात्या खूश. "म्हंजे चारा-पानी न्हाई, निस्तं हिंडवून आनायचं! आन् खोड?"

"दिवसाकाठी जरा पुढे जातं."

"म्होरं पळतंय त्याला खोड म्हनत न्हाईत. मागं र्‍हातंय ती खोड."

काका हसायला लागले. बऱ्याच दिवसांनी हसत असावेत, कारण मधेच खोकला आला.

* * *

राहिला चरा. चारच्या आकड्यापासून मधोमध गेलेला, चांगला ठसठशीत. डॉक्टरांनी भारावून विचारलं, "समुद्रात झाला का?"

"नाही हो," काका म्हणाले. "तीस वर्षं जहाजावर असताना साधा ओरखडा नाही. सुट्टीवर घरी आलो, बायको खोबरं खवत होती. म्हटलं, आण इकडे, मी खवतो. हात सटकला, घड्याळ खवणीच्या दातांवर! ती म्हणाली, एवढं मोठं जहाज सांभाळता आणि एक खोबऱ्याची वाटी सांभाळता येईना?"

सांगताना त्यांचा अंगठा त्या चऱ्यावरून फिरत होता. काकू गेल्यात, हे वेगळं विचारावं लागलं नाही. आता घड्याळ का विकता, हेही मग कुणी विचारलं नाही. तेच म्हणाले, "दिवसभर वेळ बघत बसतो. आणि कुठे जायचं तर नसतं."

* * *

सौदा मात्र बाजाराच्या रीतीनंच झाला. तात्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला, आपल्या आणि काकांच्या हातावर टाकला. खाली बोटं धरून भाव बोलायचा, बघणाऱ्याला कळता कामा नये. कुठलं बोट म्हणजे काय, हे तात्यांनी काकांना कानात समजावून दिलं. दोघं म्हातारे गंभीर चेहऱ्यानं एकमेकांकडे बघतायत, रुमाल मधेच हलतोय, आणि आम्ही श्वास रोखून!

हात बाहेर आले. मला राहवेना. "कितीला ठरलं?"

"रुमालाखालचं सांगत नस्त्यात, म्याडम."

पण पैसे देणाऱ्याला तर सांगावंच लागणार. तात्यांनी डॉक्टरांच्या कानात आकडा सांगितला आणि डॉक्टर उडालेच. "तात्या! मी म्हटलं होतं त्याच्याही वर? तुम्ही माझे दलाल की त्यांचे?"

"त्यांनी खोबऱ्याचं सांगितलं नसतं तर भाव पाडला असता," तात्या म्हणाले.

* * *

तेवढ्यानं भागलं नाही. डॉक्टर घड्याळ हातात चढवणार, इतक्यात तात्यांनी ते काढून घेतलं, काकांकडून बारीक पेचकस मागितला आणि स्टीलचा अख्खा पट्टा त्यांनाच सोडून काढायला लावला.

"हे काय चाललंय?" डॉक्टर ओरडले. पट्टाही चांगला महागाचा होता.

"जनावर इकत्यात, दावं इकत न्हाईत. दावं मालकाच्या खुट्ट्याला र्‍हातंय. रीत हाय."

काका पट्टा हातात घेऊन उभेच राहिले. मग हॉलमधल्या कॅलेंडरशेजारच्या खिळ्याला त्यांनी तो अडकवला. आम्ही निघताना तात्यांनी त्यांना बजावलं, "आता बगायला येऊ नगा. जुना मालक दिसला की जनावर नव्या घरी रमत न्हाई."

डॉक्टर इतक्या हौसेचं घड्याळ रुमालात बांधून घरी घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी स्टँडवरच्या दुकानातून नायलॉनचा हिरवा पट्टा घालून घेतला. दुकानदार म्हणाला, "काच पॉलिश करून देतो, चरा दिसायचा नाही." डॉक्टर म्हणाले, "हात लावू नका त्याला!"

* * *

घड्याळ कामाला लागलं. एका आजीबाईंची गाय व्याल्यावर आडवी पडली होती. डॉक्टरांनी कॅल्शियम दिलं, काचेभोवतीची कडी फिरवली आणि दाखवलं, "आजी, काटा इथे आला की गाय उठेल."

आजी गाईकडे बघेचना. तिची नजर डॉक्टरांच्या मनगटावर. गाय आधीच धडपडत उभी राहिली, तशी आजी तिच्यावर खेकसली, "अगं बस खाली! अजून टाईम हाय!"

* * *

काका बघायला आले नाहीत, पण फोन यायचा. "काय डॉक्टर, खातंपितं ना नीट?"

"रवंथ करतंय, काका," डॉक्टर म्हणायचे.

तेवढंच बोलणं. फोन ठेवला की डॉक्टर उगाच शर्टाच्या टोकानं काच पुसायचे. एकदा मला म्हणाले, "त्यांनी परत मागितलं तर मी काय करणार हो? मला नाही म्हणता येणार नाही." त्या दिवसापासून फोन वाजला की त्यांचा चेहरा मला बघवत नसे.

* * *

आणि परवा काका आले. आधी न कळवता, स्टँडवरून रिक्षा करून. डॉक्टर तेव्हा एका अडलेल्या गाईत खांद्यापर्यंत.

"माझं घड्याळ कुठाय?" काकांनी विचारलं.

"आत," मी म्हटलं.

काकांच्या हातात स्टीलचा पट्टा होता. तात्यांनी तो पाहिला आणि हळूच म्हणाले, "दावं घेऊन आल्यात. मालक दावं घेऊन येतो ते जनावर न्यायलाच." हळू बोलणं तात्यांना कधी जमलेलं नाही. डॉक्टरांनी ऐकलं. पण वासराचा पाय हाताला लागला होता, हात काढणार कसा?

वासरू बाहेर आलं, शिंकलं. गाय त्याला चाटायला लागली. डॉक्टरांनी हाताआधी घड्याळ धुतलं, हिरवा पट्टा सोडला आणि दोन्ही हातांवर घड्याळ ठेवून काकांसमोर धरलं. मला रडूच येत होतं.

काकांनी घड्याळ कानाला लावलं. चऱ्यावरून अंगठा फिरवला. मग खिशातून तोच पेचकस काढून स्टीलचा पट्टा चढवला आणि घड्याळ डॉक्टरांच्या ओल्या मनगटावर बांधून टाकलं.

"बंगलोरला चाललोय, मुलीकडे. आता तिकडेच," ते म्हणाले. "भाड्याचं घर आहे. भिंतीला खिळा मारू देत नाहीत."

डॉक्टर वाकून त्यांच्या पाया पडले.

काका तात्यांकडे वळले. "तात्या, रुमाल आहे ना?"

तात्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला, दोघांच्या हातांवर टाकला. ह्या वेळी रुमाल हललाच नाही. वासरू उभं राहायला बघत होतं, पडत होतं, पुन्हा बघत होतं. गाईचा मालक चक्रावून म्हणाला, "आता कशाचा सौदा चाललाय?"

बऱ्याच वेळानं हात बाहेर आले. काकांनी त्याच रुमालानं चष्मा पुसला आणि ते रिक्षात बसले. रिक्षा वळणावरून दिसेनाशी झाली, तरी तात्या रस्त्याकडेच बघत उभे.

गाईच्या मालकाला राहवेना. "तात्या, काय ठरलं वो?"

तात्यांनी रुमाल झटकला, खांद्यावर टाकला.

"रुमालाखालचं सांगत नस्त्यात."