आईलेकीची पहिली बिऱ्हाडं

लग्न होऊन अनिता कोलाडजवळच्या गावातून रोह्याशेजारच्या अष्टमी गावात आली, तेव्हा तिचं सगळं बिऱ्हाड एका रिक्षात मावलं होतं. आईनं दिलेली तांदळाची गोणी, वालाचं गाठोडं, जावेनं काढून दिलेली चार भांडी, दोन गोधड्या. आणि गणेशच्या मांडीवर, पडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरलेला पितळी पंपाचा स्टो. स्टो होता जुन्या बाजारातला; पण गणेशनं चिंच लावून तो असा घासला होता, की बघणाऱ्याला नवाच वाटावा. गॅससाठी नाव नोंदवलं होतं, नंबर कधी लागेल ते देवाला ठाऊक.

गणेश रोह्याच्या एका कंपनीत पाळीवर जायचा. खोली एकच. मधे साडीचा पडदा लावला की अलीकडे घर आणि पलीकडे स्वयंपाकघर. अनिताला त्या खोलीचं केवढं कौतुक! माहेरी चुलीशिवाय काही पाहिलं नव्हतं. इथं रॉकेलचा काकडा पेटवला, पंपाचे चार दट्टे मारले की भात रटरटायला लागायचा.

एका सकाळी गणेश कामावर गेलेला असताना स्टोची ज्योत पिवळी पडून फुरफुरायला लागली. अनितानं पिन घातली. पिन आत गेली आणि भस्सकन भडका उडाला. आधी तिला नुसता उजेड दिसला. मग डाव्या हाताशी ऊन लागलं. पदर पेटला होता. तो बघत ती उभी राहिली. ओरडावं हे तिला कळत होतं, पण तोंडातून आवाजच फुटेना.

शेजारच्या खोलीतल्या कृष्णाबाईनं पडद्यामागचा जाळ पाहिला. दारातलं पाय पुसायचं ओलं गोणपाट उचलून तिनं अनिताच्या अंगावर टाकलं, तिला खाली पाडलं आणि वरून दाबून धरलं. मनगटापासून कोपरापर्यंत हात भाजला. बाकी अंग वाचलं.

हात बरा झाला, भीती मात्र तिथंच राहिली. अनिता स्टोला हात लावेना. गणेश पाळीवर जायच्या आधी भात आणि वरण करून झाकून ठेवायचा. कंपनीत कुणाला त्यानं हे कळू दिलं नाही. पाळी लवकरची असली की अनिता दिवसभर दूध-पोह्यांवर काढायची. शेवटी एक दिवस कृष्णाबाई येऊन स्टोसमोर फतकल मारून बसली.

"पेटव."

"नाय जमणार मला."

"मी हाय ना गो हितं. पेटव म्हणते ना."

काड्या तुटत होत्या. एक पेटली ती बोटाला चटका लागेपर्यंत तिनं हातातच धरली. कशीबशी ज्योत लागली आणि अनिता धावत बाहेर अंगणात जाऊन उभी राहिली. पुढची कित्येक वर्षं तिनं असाच स्वयंपाक केला: स्टो पेटवायचा, दारात जाऊन उभं राहायचं, हातात ओलं गोणपाट. ढवळायला म्हणून आत जायचं, लगेच बाहेर. सुरभी झाली तेव्हा तर ती पोरीला आधी कृष्णाबाईकडे ठेवायची आणि मगच काडी ओढायची.

गॅस आला तेव्हा शेजारणींनी हळदीकुंकू करा म्हटलं. अनिता त्या दिवशी दुपारी निर्धास्त आडवी झाली ती दिवेलागणीलाच उठली. पुढे मग गॅसचं बटण बंद आहे ना हे बघायला ती घरातून निघताना दोनदा-तीनदा मागं फिरायची. सुरभी मोठी झाली तशी आईची नक्कल करायची, गणेशही हसायचा. "आमच्या हिला काडी दिसली तरी कापरं भरतं," असं तो सांगायचा. अनिता ऐकून घ्यायची. पंप मारताना येणारा तो आवाज अजून कानात येतो, हे सांगून कुणाला समजणार होतं?

सुरभीचं लग्न गेल्या वर्षी झालं. जावई साईराज वडखळजवळच्या एका गोडाऊनवर, सुरभी पेणला शाळेच्या ऑफिसात. भाडं परवडेल अशी जुनी इमारत त्यांनी शोधली आणि बिऱ्हाड मांडलं ते मोबाइलवर. कुणी घर बदलत होतं त्याचा पलंग, कुणाचं कपाट, कुणाचं वॉशिंग मशीन. प्रत्येक वस्तू घरात आली की सुरभी व्हिडिओ कॉल करून आईला दाखवायची. एकदा तिनं बाथरूममधला भिंतीवरचा पांढरा डबा दाखवला. साईराजच्या मित्रानं, आदेशनं, नवी जागा घेतली तेव्हा त्याचा गॅसचा गिझर यांना दिला होता.

"नळ सोडला की लगेच गरम पाणी. विजेपेक्षा स्वस्त पडतो."

"म्हणजे ज्योत बाथरूममध्ये?"

"डब्यात असते गो आई ती! तुला पण ना."

अनितानं जेवणाचं विचारलं. आपली भीती लेकीच्या संसारात न्यायची नाही, असं तिनं सुरभीच्या लग्नातच मनाशी ठरवलं होतं.

थंडीच्या दिवसांत ती पहिल्यांदा पेणला राहायला गेली. बरोबर तांदूळ, वाल आणि घरचं लोणचं. घर नीटनेटकं होतं. कुठली वस्तू कुठल्या रंगाशी जुळत नव्हती, पण सुरभीनं सगळ्यावर एकसारखे कापडी अभ्रे घातले होते. संध्याकाळी चहा घेताना सुरभी कपाळ चोळत म्हणाली, "इथं आल्यापासून आंघोळ केली की डोकं धरतं. पाणी बदललंय ना, म्हणून असेल." अनितानं तिच्या डोक्याला तेल लावून दिलं.

दुसऱ्या दिवशी साईराज कामावर गेला. सुरभी केस धुवायला म्हणून बाथरूममध्ये शिरली. अनिता ओट्यापाशी वाल सोलत होती. आतून पाण्याचा आवाज येत होता. बराच वेळ येत राहिला. केस लांब आहेत, लागणारच वेळ, असं तिनं स्वतःला सांगितलं. मग तिला जाणवलं, की आवाज एकसारखा येतोय. अंगावर पाणी घेताना मधेमधे तुटतो, बदलतो, तसं काही नाही. नुसता नळ वाहतोय.

"सुरभी?"

पाणी वाहतच होतं.

"गो सुरभी! ऐकतेस ना?"

तिनं दारावर थाप मारली. मग मूठ. त्या क्षणी तिला तीस वर्षांपूर्वीसारखंच झालं. पाय जागचे हलेनात, आवाज फुटेना. पण आत पोर होती. अनितानं तोंड उघडलं आणि जो आवाज निघाला तो आपलाच आहे यावर तिचा विश्वास बसला नाही. सगळ्या जिन्यात तो घुमला.

दार प्लास्टिकचं होतं, आतून कडी. तिनं खालच्या पट्टीवर लाथ मारली. पाय दुखावला, पट्टी वाकली. दुसऱ्या लाथेला ती निखळून आत पडली. फटीतून सुरभीचा हात दिसला, ओल्या फरशीवर पालथा पडलेला.

तोवर समोरच्या श्यामलाबाई आल्या होत्या. निवृत्त शिक्षिका, एकट्याच राहायच्या. त्यांनी वाकून त्या फटीतून हात आत घातला आणि वर चाचपून कडी काढली. दोघींनी मिळून सुरभीला बाहेर ओढलं. अनितानं तिच्यावर दोरीवरची आपली साडी टाकली. जाळ नाही, धूर नाही, वास नाही. मग झालंय काय? साप चावला? विजेचा धक्का? ती पोरीचे पाय चाचपत राहिली.

"हिला गॅलरीत घेऊया, मोकळ्या हवेत," श्यामलाबाई म्हणाल्या. "आणि तो सिलिंडर कुठं आहे? बंद करा आधी."

अनितानं सिलिंडर बंद केला. गॅलरीच्या फरशीवर सुरभी निपचित पडली होती. अनितानं कान तिच्या नाकाशी नेला. श्वास होता, अगदी बारीक. खाली कुणीतरी रिक्षा आणली. रिक्षात पोरीचं डोकं मांडीवर घेऊन अनिता तिची छाती वर-खाली होतेय का, एवढंच बघत होती. रस्त्यात सुरभीला उलटी झाली आणि ती कण्हली. त्या कण्हण्यानं अनिताचं इतका वेळ दाबून धरलेलं रडू फुटलं.

दवाखान्यात ऑक्सिजन लावला. डॉक्टरांनी सगळं विचारून घेतलं. बाथरूमला खिडकी आहे का, असं विचारलं तेव्हा अनितानं सांगितलं, "हाय, पण डासांसाठी आधीच्या भाडेकरूंनी फळी ठोकली तिला." डॉक्टरांनी समजावलं: बंद जागेत अशी ज्योत जळत राहिली की विषारी वायू साठतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. चक्कर येते आणि माणूस बसल्या जागी पडतो. रोजचं डोकं दुखणं त्याचंच. तेल चोळत बसलो आपण काल, अनिताच्या मनात आलं.

साईराज वडखळहून आला तो डोक्यावरचं हेल्मेट तसंच ठेवून पलंगाशी उभा राहिला.

"आई, मी बसवला तो. मीच. चार पैसे वाचतील म्हणून."

अनितानं त्याच्या हनुवटीखालचा पट्टा सोडवला आणि हेल्मेट काढून आपल्या मांडीवर घेतलं.

सुरभी घरी आली. साईराजनं त्याच दिवशी गिझर उतरवून टाकला, फळी उखडली, आणि आदेशला फोन करून सांगितलं की नव्या जागेतला गिझर बघ, आधी खिडकी उघड. अनिता आठवडाभर राहिली. पातेल्यात पाणी तापवून बादलीत ओतायचं, आणि सुरभी आत गेली की बाहेर पाटावर बसायचं. दाराला कडी लावायची नाही. सुरभी आतून बोलत राहायची. पहिल्यांदा आईसाठी, मग स्वतःसाठी. तिलाही भीती बसली होती. साबण गेला तरी ती डोळे मिटत नव्हती.

"आई, चल ना, मीच येते रोह्याला," एकदा ती म्हणाली.

अनिताच्या ओठावर 'चल' आलं होतं. पण तिनं साईराजकडे पाहिलं. तो खिडकीला नवी जाळी बसवत होता. ती म्हणाली, "ये की. पण चार दिवसांसाठी ये. घर तुझं हितं हाय."

अनिता अष्टमीला परतली. पेणहून रोज सकाळी सुरभीचे दोन फोन यायचे. एक, "जातेय आंघोळीला." दुसरा, "झाली." त्या दोन फोनांच्या मधे अनिता काही करायची नाही. गणेश चहा मागायचा नाही. त्याचं हसणं आता बंद झालं होतं.

एका सोमवारी पहिला फोन आला आणि दुसरा आलाच नाही. अनितानं फोन लावला. वाजून बंद झाला. पुन्हा लावला. साईराज गाडीवर असणार, उचलेना. श्यामलाबाईंचा नंबर लावताना बोटं भलतीकडेच पडत होती. गणेशनं फोन हातातून घेऊन लावला. श्यामलाबाई चपलांसकट धावल्या. समोरच्या दाराला कुलूप होतं. सुरभी शाळेत पोचली होती. ऑफिसात साहेब आले म्हणून फोन बॅगेत राहिला होता.

तिचा फोन आला तेव्हा अनिता जमिनीवर बसलेली होती.

"आई, सॉरी, विसरले गो..."

"विसरलीस?" अनिता इतक्या जोरात ओरडली की गणेश दचकला. "माझा जीव गेला हितं आणि तू विसरलीस? परत असं केलंस ना, तर बघ!"

जन्मात पहिल्यांदा आई तिच्यावर ओरडली होती. पलीकडून सुरभी रडायला लागली. मग रडता रडता हसायला लागली. अनितालाही हसू आलं. गणेशनं तिला पाणी आणून दिलं आणि शेजारी बसला.

आता एकच फोन येतो, आंघोळ झाल्यावरचा. खिडकी उघडी असते, पाणी विजेवर तापतं. भ्यायचं कारण उरलं नाही, हे सगळे सांगतात आणि अनितालाही पटतं. तरी सकाळी फोन येईपर्यंत ती ओट्यापाशी उभी असते आणि तो वाजला की लगेच उचलत नाही. आधी पदरानं तळहात पुसते.