ठकूबाईची हातोडी

भुतांच्या गोष्टी मी आयुष्यभर वाचल्या, त्या लिहिणाऱ्याची भाषा बघायला. करणी, अंगारा, बाहेरची बाधा... यांतल्या कशावरही माझा विश्वास नव्हता, आजही नाही. तेव्हा आधीच सांगतो – पुढे कुणाचे पाय उलटे नाहीत. बाई जिवंत होती, मस्टरवर तिचं नाव होतं आणि मुकादमाशी ती रोज भांडायची.

साल १९७२, दुष्काळाचं. पाथर्डीपासून पाच-सहा मैलांवर, डोंगराच्या पायथ्याशी रस्त्याचं दुष्काळी काम चाललं होतं. तीनेकशे माणसं दिवसभर खडी फोडायची. मी हजेरी कारकून. आणि मला आवाज सोसत नाहीत.

सोसत नाहीत म्हणजे काय, हे मी पन्नास वर्षं लोकांना समजावतोय. शेजारच्याने बशीतून चहा फुरकला की माझ्या जबड्यात कळ उठते. पातेल्यावर झारा घासला की घेरी येते. बायको गोणपाटावर भांडी ठेवून स्वयंपाक करायची. नगरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "कान उत्तम आहेत." माझी तक्रारही तीच होती.

छापखान्यातली नोकरी यंत्रांपायी सोडली, दूध संघातली कॅनच्या खणखणाटापायी. ही तिसरी. घरी दोन लहान मुली आणि कोरडी विहीर. ठरवलं – कान फुटले तरी ही सोडायची नाही. कानांत कापूस, वर मफलर, भर उन्हात. मुकादम म्हणायचा, "भाऊसाहेब, काश्मीरला बदली झाली काय तुमची?"

पहिल्या तीन दिवसांत दोनदा ओकलो. चौथ्या दिवशी हजेरी घेत रांगेच्या टोकाला गेलो आणि डोकं एकदम हलकं झालं. समोर साठीची एक बाई खडी फोडत होती, ठकूबाई. हातोडी वर जायची, खाली यायची, दगडाचे दोन तुकडे व्हायचे. आवाज नाही. तिच्यापासून चार पावलांच्या आत बाकीच्या हातोड्याही घोंगडीआडून वाजल्यासारख्या... एक पाऊल मागे घेतलं की सगळ्या पुन्हा माझ्या कवटीवर.

मुकादमाला विचारलं, "हिच्या हातोडीचा आवाज येतो का हो?"

"येतो म्हंजे? लई दणके घालती म्हातारी. कान किटले."

मग रीतसर तपासणी केली. ठकूबाईला शेजारणीची हातोडी दिली – तरी आवाज नाही. ठकूबाईची शेजारणीला दिली – माझे दात आंबले. मुकादमाला डोळे मिटायला लावून प्रत्येक ठोक्याला बोट वर करायला सांगितलं. एकही चुकला नाही. मी डोळे मिटले, तर मला एकही कळला नाही.

दुसऱ्या दिवशी माझी बसायची पत्र्याची पेटी तिच्याशेजारी नेऊन ठेवली आणि कानातला कापूस काढला.

"भाऊसाहेब, म्हातारीजवळ काय ठेवलंय?" मुकादम.

"सावली आहे जरा."

तिथे बाभळीची काटकीसुद्धा नव्हती.

महिन्याभराने मोठे साहेब पाहणीला आले. प्यायच्या पाण्याच्या टँकरने मंडपापुढे सडा मारला होता. हार, दोन कर्णे, आणि हुकूम – भाषण चालू असताना कुणी हातोडी उचलायची नाही. उचलील त्याचं नाव मस्टरवरून कमी. कारकुनाने मात्र मस्टर घेऊन मंचाशेजारी उभं राहायचं. कर्णा माझ्या डोक्यापासून हातभर होता, आणि साहेबांपुढे मफलर शोभत नाही म्हणून मुकादमाने तोही काढून घेतलेला.

"हॅलो... हॅलो..." एवढ्यानेच मी अर्धं पाऊल मागे सरलो. दोन-चार वाक्यं झाली आणि मी पळणार हे मला कळून चुकलं. तिसरी नोकरीही गेली.

...आणि कर्णा एकाएकी दूर गेला. पाहिलं तर ठकूबाई रांगेतून उठून पुढे आली होती, माझ्या पायाशी बसून दगड फोडत होती. साहेब थांबले. सगळे माना वळवून बघू लागले.

"कारकून, बंद करा ते. आणि नाव लिहून घ्या बाईचं."

तिच्या घरी सून बाळंतीण होती. मी वाकलो. "मावशी, थांबा. नाव जाईल तुमचं."

"आन तुमचं? तुमी पडताल की हितं."

"नाही पडत."

तिने हातोडी खाली ठेवली. कर्णा पुन्हा डोक्यात शिरला. पाऊण तास मी मस्टर छातीशी धरून उभा राहिलो. ओठ फुटून तोंडात रक्ताची चव आली. ते भाषण त्या माळावर शब्दन्‌शब्द ऐकलेला बहुधा मी एकटाच असेन.

जीपमध्ये बसताना साहेबांनी विचारलं, "नाव लिहिलं?"

"हो साहेब." महिन्यापूर्वीच लिहिलेलं होतं. ते खोडलं नाही, एवढंच.

काम सुटताना मी तिच्याजवळ बसलो. "मावशी, मला त्रास होतो हे तुम्हाला कसं कळलं?"

"मलाबी न्हाई सोसत आवाज, ल्हानपनापासून. पर माझी हातोडी वाजतच न्हाई. लोकं म्हनत्यात, दणके घालती. मला वाटायचं, थट्टा करत्यात. तुमी कापूस काडून बसाया लागले, तवा म्हटलं, चला, आनखी एक हाय." हातोडी पुढे करत म्हणाली, "मारून बघा की."

महिनाभर हजेरी घेतली, पण मी तिथे कधी दगड फोडला नव्हता. दातओठ खाऊन घाव घातला. दगड फुटला. आवाज नाही.

लांबून मुकादम ओरडला, "आता कोन दणके घालतंय रं तिकडं? सुट्टी झाली की."

ठकूबाई हसली, पदराने तोंड पुसलं आणि घराच्या वाटेला लागली.

दुष्काळी काम संपल्यावर खात्याने मला कायम केलं आणि ती नोकरी मी निवृत्तीपर्यंत केली. आजही परसात एक हातोडी आहे, दगडांचा ढीग आहे. घरात पाहुणे चहा फुरकू लागले की मी तिकडे जातो. बायको आतून म्हणते, पुरे करा तो दणदणाट. कसला दणदणाट, ते मला अजून कळलेलं नाही.

याचं कारण मला सापडलं नाही. वाचकांपैकी कुणाला ठाऊक असेल तर जरूर येऊन सांगावं. फक्त जरा हळू बोलावं.