वच्छलाबाईंचा बूस्टर

वच्छलाबाई गावंडे यांना उभ्यानं हसता येत नसे. हसू आलं की गुडघ्यांतलं बळच निघून जाई. मग ओटा असो की गव्हाचं पोतं, मिळेल तिथं त्या बसकण मारत आणि पदरानं डोळे पुसत राहत. हिंगण्याच्या कारखान्याजवळ त्यांची वस्ती होती. तिथं कुणाच्या घरी हळद असली की आधी वच्छलाबाईंना बोलावणं जाई, मग भटजींना. हळदीची गाणी त्या ऐनवेळी, बसल्या बसल्या जोडत. नवरदेवाच्या मामापासून तर व्याह्यांच्या जेवणापर्यंत कुणाची गय नसे, पण ज्याला चिमटा बसे तोही हसतच पान खायला उठे.

त्यांचे यजमान रुपराव कारखान्यात पत्रा ठोकण्याच्या खात्यात फोरमन होते. त्या दणदणाटात अर्धं आयुष्य गेल्यामुळे त्यांचे कान मंद झाले होते. मोठ्यानं बोललेलं त्यांना कळे, हळू बोललेलं सुटून जाई, आणि बारीक, तीक्ष्ण आवाज तर पोचतच नसे. त्याचं त्यांना फारसं वाईट वाटत नसे. कामाची गोष्ट लोक मोठ्यानंच सांगतात, असं त्यांचं म्हणणं होतं.

शहाऐंशीच्या दिवाळीनंतर दोघांनी एक जुनी अ‍ॅम्बेसेडर घेतली, बिस्किटाच्या रंगाची. रुपराव तिला रोज सकाळी अशी धूत, जशी पोळ्याला बैलजोडी धुवावी. गाडीत टेप होता, पण गाडीनं जरा वेग घेतला की इंजिनाची घरघर वर आणि गाणं खाली. वच्छलाबाईंना पुसटसं काही ऐकू येई. रुपरावांना तेवढंही नाही, तरी ते स्टिअरिंगवर बोटांनी ठेका धरत, आणि कॅसेट संपून टेप बंद पडला तरी धरूनच राहत. वच्छलाबाईंची हसून पुरेवाट होई. गाडीत निदान बसायची सोय होती.

खात्यातल्या एकानं उपाय सांगितला, बूस्टर लावा. टेपमधून येणारा आवाज वाढवून स्पीकरला देणारी ती पेटी. जरीपटक्याच्या बाजारात पाहिजे तेवढ्या मिळतात. रविवारी सकाळी दोघं तिथं आसनदासच्या दुकानासमोर गाडी लावून उभे राहिले.

आसनदास गोल चेहऱ्याचा, बोलका माणूस होता. पेटीची पसंती दुकानात करू नका, असं त्यानंच बजावलं. "भाभीजी, दुकान में तो सब अच्छा बजता है. गाडी में बैठो, फिर बोलो," असं म्हणून त्यानं मागच्या काचेखालच्या फळीवर दोन स्पीकर ठेवले, खिडकीतून वायरी आत घेतल्या आणि वच्छलाबाईंना मागच्या सीटवर, रुपरावांना स्टिअरिंगमागं बसवलं.

पहिला बूस्टर चकाकता, रुंद, पुढच्या बाजूला लाल दिव्यांची ओळ. आसनदासनं सिनेमाच्या गाण्यांची कॅसेट सुरू करताच दिवे उड्या मारू लागले, आरशाला लटकवलेला गोंडा नाचू लागला आणि सीट गदगदा हलली. रुपराव एकदम खूश झाले. पाठीला असा दणका कोणी मालिशवालाही देत नाही, म्हणाले. गाण्यातले शब्द कोणते, असं वच्छलाबाईंनी ओरडून विचारलं, तर शब्दांचं काय लोणचं घालायचं आहे, दणका पाहा, असं उत्तर आलं.

दुसऱ्याला सरकत्या बटणांची रांग होती. त्याच्यातून गाणारी बाई तेलात पडलेल्या मोहरीसारखी तडतडू लागली. वच्छलाबाईंनी कानांवर हात ठेवले. रुपरावांनी ठेक्यासाठी बोटं तयार ठेवून आसनदासला नम्रपणे विचारलं, "सुरू केलं का?"

ते ऐकून वच्छलाबाई सीटवर आडव्याच झाल्या. बाहेर एक बांगडीवाली आणि दोन सायकलरिक्षावाले येऊन उभे राहिले होते. तेही कारण न कळता हसायला लागले.

हसू ओसरल्यावर वच्छलाबाईंना एक युक्ती सुचली. सिनेमातल्या बाईचा खरा आवाज कसा, हे आपल्याला काय माहीत? पण आपला आवाज तर आपण रोज ऐकतो. त्यांच्या पिशवीत भाची देवकी हिच्या हळदीत भरलेली कॅसेट होती. सगळा वेळ गाणं त्यांचंच होतं. त्यांनी ती पुढं केली. चकाकत्या बूस्टरमधून त्यांचा आवाज असा आला, जसा विहिरीत पडलेला पाटील मदतीला हाका मारतो आहे. सरकत्या बटणांतून असा, जशी टिटवी. दोन्ही वेळा बांगडीवालीनं मान हलवून नापसंती दिली.

मग आसनदासनं खालच्या फळीवरून एक लहान काळी पेटी काढली. दिवे नाहीत, चमक नाही, नुसती एक बारकी खुंटी. दिसायला काही नाही म्हणून गिऱ्हाईक हात लावत नाही, असं सांगत त्यानं ती जोडली.

आधी बांगड्या किणकिणल्या. कुणीतरी हळदीची वाटी कुठं गेली म्हणून विचारलं. मग वच्छलाबाईंचा आवाज आला, तांब्यातून पाणी ओतावं तसा स्वच्छ, जसाच्या तसा. स्टिअरिंगवरची रुपरावांची बोटं थांबली. त्यांनी मान वळवली.

"हे तू हायेस का वं?"

वच्छलाबाईंनी हाव म्हटलं. रुपराव डोकं एका बाजूला कलवून ऐकत राहिले, एकेक शब्द उचलून घ्यावा तसे. इतक्या वर्षांत आपलं गाणं यांच्यापर्यंत कधी असं पोचलंच नव्हतं, हे वच्छलाबाईंच्या त्या क्षणी ध्यानात आलं. पण लगेच दुसरी गोष्ट आठवली. बायकांच्या आग्रहाखातर पुढं त्यांनी घरधन्यावरच्या नेहमीच्या ओळी म्हटल्या होत्या. टेपचं बटण दाबायला त्या पुढं झेपावल्या, पण रुपरावांचा रुंद खांदा मध्ये होता. कॅसेट बोललीच.

*कारखान्यात धनी माहा, दिवसभर सोसते ठोके*
*घरी येऊन घोरते, पळून जाते गल्लीचे बोके*

बाहेर रिक्षावाले खिंकाळले. रुपरावांनी कान टेपकडं केला.

*म्हणे आयकू येत नाही, पण जेवाले हाक मारा*
*पयल्या हाकेले येते, जसा वावटळीचा वारा*

आसनदासनं तोंडावर रुमाल धरला. रुपराव सावकाश मागं वळले. वच्छलाबाई पदराआड होत्या.

"साऱ्या गावाले हे सांगतं तू?"

"खोटं हाय का?" पदराआडून आवाज आला.

रुपरावांनी प्रामाणिकपणे विचार केला. "नाही," ते म्हणाले. "खोटं नाही. कवापासून म्हणून राहिली हे?"

"लगन झालं तवापासून. तुमच्या समोरच म्हणत होती. तुमी मान डोलवत होते."

यावर रुपरावांचं पोट आधी हललं, मग खांदे, मग सगळी अ‍ॅम्बेसेडर. लाल दिव्यांच्या बूस्टरनंही ती इतकी हलली नव्हती. बांगडीवालीला बॉनेटचा आधार घ्यावा लागला. रुपरावांनी कॅसेट मागं फिरवून पुन्हा लावायला सांगितली, आणि ती संपल्यावर पुन्हा. आसनदासला पेटीला दिवे नसल्याची काळजी वाटली. एवढी गाडी, शोभेला काहीतरी हवं ना. रुपराव म्हणाले, "लाइट नको गा. मले बाई आयकू आली पाहिजे."

काळी पेटी पुढच्या सीटखाली पक्की बसली. घरी जाताना चारही काचा खाली होत्या आणि रस्त्यातल्या प्रत्येक माणसाला रुपरावांच्या घोरण्याची बातमी मिळत गेली. वस्तीत शिरल्यावर त्यांनी स्वतः शेजाऱ्यांना बोलावून आणलं, मागं बसवलं आणि आपलीच फजिती हौसेनं ऐकवली. सोमवारी ते कंपनीची बस सोडून गाडीनंच कामावर गेले आणि चहाच्या सुट्टीत त्यांनी अख्खं खातं आळीपाळीनं अ‍ॅम्बेसेडरमध्ये बसवून आणलं. त्या लग्नसराईत हळदीची आमंत्रणं आली ती वच्छलाबाई आणि गाडी, अशी जोडीनंच.

माघात एका रविवारी दोघं वच्छलाबाईंच्या भावाच्या संत्र्याच्या बगीच्यात निघाले होते. काटोल रस्त्याला लागल्यावर रुपरावांनी काही न बोलता खिशातून एक नवी कॅसेट काढून लावली. आधी घसा खाकरल्याचा आवाज, मग रुपरावांचाच, सूर नाही की ताल नाही.

*वच्छला जोडते गाणं, हातावर मारून हात*
*मीठ सारं गाण्यात पडते, अळणीच राहते भात*

वच्छलाबाईंनी डॅशबोर्डवर कपाळ टेकलं. पाणी डोळ्यांतून वाहत होतं, श्वास पुरत नव्हता. हे कधी भरलं, कुठं भरलं, असं त्या विचारत होत्या आणि उत्तर ऐकायला थांबत नव्हत्या. मग सावरून त्यांनी सांगितलं, की पहिली ओळ जमली, दुसरीत मात्र ठेका ओढला गेला. ती अशी म्हणायची. रुपरावांनी म्हणून पाहिली. पुन्हा चुकली. पुन्हा म्हटली.

बगीच्याचं वळण आलं, पण दोघांचं लक्षच नव्हतं. भाऊ फाटकाशी हात हलवत उभा होता, आणि अ‍ॅम्बेसेडर त्याच्यासमोरून गात गात निघून गेली.