सिहोऱ्यातले उपाशी मासे

नागपुरातल्या एका कॅफेत सॅलड खाताना मालकाला सहज विचारलं, लेट्यूस पुण्याहून मागवता का? तो म्हणाला, "छे, सिहोऱ्याहून." मी हसलोच. भंडारा जिल्ह्यातलं, तुमसरजवळचं सिहोरा? जिथे धानाशिवाय दुसरा हिरवा रंग दिसत नाही, ते? मालक म्हणाला, माशांच्या पाण्यावर उगवतो, माती लागतच नाही. झालं! त्याच्याकडून फोन नंबर घेतला आणि शनिवारी सॅक उचलली. माझ्या पायाला भिंगरी लागलीय, असं बायको उगाच म्हणत नाही.

नागपूरहून तुमसरची एसटी मिळते. स्वतःची गाडी असेल तर भंडाऱ्यावरून या, रस्ता चांगला आहे. फक्त धानाच्या ट्रकमागे अडकलात तर देवाचं नाव घ्या. पहिल्या दिवशी आंबागडचा किल्ला पाहिला. चढताना काही झालं नाही, उतरताना सेल्फीचा शहाणपणा नडला आणि उजवा पाय मुरगळला. तुमसरच्या लॉजवर आंबेहळदीचा लेप लावून झोपलो आणि रविवारी लंगडतच ऑटोत बसलो. ऑटोवाल्याने सिहोऱ्याला जाऊन-येऊन सहाशे सांगितले होते. माझा पाय बघून तो पाचशेवर आला, भला माणूस.

शेताच्या मालकीणबाई वंदनाताई चाळिशीच्या. फोनवर मोकळं बोलल्या होत्या, प्रत्यक्षात चेहरा पार उतरलेला. "या जी भाऊ. पण पाहाले आता काही राह्यलं नाही."

हिरव्या जाळीच्या शेडखाली मोठं गोल टाकं, त्यात तिलापिया मासे. त्यांच्या घाणीचं पाणी गाळून लांबलचक पन्हाळीत जातं. पन्हाळीत थर्माकोलचे तक्ते तरंगतात, तक्त्यांच्या भोकांत लेट्यूसची रोपं. रोपं पाण्यातलं खत शोषून घेतात आणि निवळलेलं पाणी परत माशांकडे येतं. थोडक्यात, मासे जेवले तर रोपं जेवतात. मी एक तक्ता उचलून पाहिला. खाली पांढरी मुळं लोंबत होती, नुकत्याच धुतलेल्या केसांसारखी. पटकन खाली ठेवला. वरची पानं पिवळी पडली होती.

"मासे खाऊनच नाही राहिले," ताई म्हणाल्या. "हे गेले, तवापासून."

हे म्हणजे त्यांचे यजमान. सगळी मांडणी त्यांनीच उभी केली होती, आणि महिन्यापूर्वी एका सकाळी छातीत कळ येऊन गेले. "आमचं सुतक तेरा दिवसांत फिटलं. माशांचं काही फिटतच नाही. दाणा टाकला का तसाच सडते." दुसऱ्या दिवशी, सोमवारी, दीर मासे विकून टाकं मोडणार होता, तिथे पुन्हा धान लावणार होता. "म्या किती म्हनलं, यायचं एवढंच तं राह्यलं हाय." यायचं, म्हणजे 'यांचं', यजमानांचं.

मी टाक्यात डोकावलो. मासे तळाशी निश्चल, आणि सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, टाक्यावर आडव्या टाकलेल्या लाकडी फळीकडे. भरदुपार, तरी शेडमध्ये चिडीचूप. साधा बेडूकही नाही. आईशप्पथ, अंगावर काटा आला. तरी फोटोची हौस भारी! फळीवर चढलो.

टप... घस. टप... घस.

पाणी काळं झालं. शेकडो मासे तळातून वर आले, तोंडं उघडी, थेट माझ्या पायांखाली. दचकून थांबलो, तर ते पुन्हा खाली जायला लागले.

"थांबू नका!" ताई ओरडल्या. त्यांची नजर माझ्या पायांवरून हलत नव्हती. पदर डोक्यावर ओढला होता. "चाला जी भाऊ, चाला."

मी फेऱ्या मारत राहिलो. त्यांनी दाणा टाकला आणि मासे त्यावर तुटून पडले.

"यायचाही उजवाच पाय," ताई हळू आवाजात म्हणाल्या. "लहानपनी बैलगाडीतून पडले होते. अस्सेच चालत."

माशांना फळीचा हादरा पाण्यातून कळतो, हे मला ठाऊक आहे. सगळं शास्त्रात बसतं हो. पण मी फळीवरून उतरून टाक्याभोवती चालू लागलो, तर मासेही माझ्यासोबत वळत होते. माझी पाचावर धारण बसली.

जेवायला भात आणि लाखोळीचं वरण. ताईंच्या सासूबाई खाटेवर बसून जेवत होत्या, त्यांना दिसत नाही. माझी पावलं ऐकली आणि त्यांचा घास हातातच राहिला.

"दोन दिवस थांबता का जी?" ताईंनी विचारलं. मी घाबरलो होतो, खरं तेच सांगतो. म्हटलं, "ताई, माझा पाय बरा होईल. तुम्हीच शिका." त्यांना लाज वाटली. नवऱ्याच्या लंगडण्याची नक्कल कशी करायची? शेवटी यजमानांच्या चपला घालून त्या फळीवर चढल्या. पहिल्या फेरीला एकही मासा हलला नाही. "उजवा पाय आणखी ओढा," मी काठावरून सांगत होतो. चौथ्या फेरीला पाणी काळं झालं. ताई हसायला लागल्या आणि हसता हसता रडल्या.

जायचं असेल तर हिवाळ्यात जा, आधी फोन करा, आणि लेट्यूस तिथेच तोडून खा, इतका करकरीत शहरात मिळत नाही. माझा पाय आठवड्यात बरा झाला. परवा कॅफेत तोच लेट्यूस पुढ्यात आला, छान हिरवागार. काटा बाजूला ठेवला आणि आधी ताईंना फोन लावला.

"मासे झकास खाऊन राहिले, भाऊ. दिरानंही टाकं राहू देलं. फक्त मले आता सरळ चालता नाही येत. घरातही पाय ओढतेच. काल अंगनातून येत होती, तं सासू आतून बोलली, 'आला का रे बापू?'"

"मग?"

"हो म्हनलं जी."